बसलं म्हणजे जुळलं असं नाही

बारावीचे निकाल लागले की पुण्यात टिळक रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक जोडी हमखास दिसते, सुटे पार्ट जोडून गेमिंग पीसी करायचा म्हणून मोबाईलवर यादी घेऊन आलेलं पोरगं आणि "एवढे पैसे नुसत्या गेमसाठी?" असा चेहरा करून मागे उभे असलेले बाबा. यादी बहुतेक वेळा व्हिडिओ बघून केलेली असते, त्यातला एकेक पार्ट सुटा बघितला तर चांगलाच असतो, पण त्यांचं आपापसात पटणार का हे कोणी बघितलेलं नसतं.

आता बनवणाऱ्यांनी थोडी काळजी आधीच घेतलेली असते. रॅमचंच घ्या. डीडीआर ४ ही रॅमची जुनी पिढी आणि डीडीआर ५ नवी, या दोन्ही काड्यांना २८८ पिना, लांबीही सारखीच, शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळणार नाही. पण खालच्या कडेला जी खाच असते ती दोन्हीत थोडी वेगळ्या जागी आहे आणि ते मुद्दाम केलंय, कारण डीडीआर ४ ला मदरबोर्डकडून (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड) थेट १.२ व्होल्ट मिळतात आणि डीडीआर ५ बोर्डकडून ५ व्होल्ट घेऊन स्वतःच्या अंगावरच्या चिपने त्याचे १.१ करते. चुकीच्या स्लॉटमधे काडी बसली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको. म्हणून रॅम जात नसेल तर जोर लावू नका, आधी खाच बघा.

खरा घोळ होतो तो जिथे अशी खाच नाही तिथे.

प्रोसेसरपासून सुरू करू, कारण तो ठरला की बोर्ड ठरतो आणि बोर्ड ठरला की रॅम. एएमडी कंपनीचं २०२२ मधे आलेलं एएम ५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) घेतलं तर रॅम डीडीआर ५ च, दुसरा पर्यायच नाही. इंटेलच्या एलजीए १७०० मधे मात्र दोन्ही चालतात, म्हणजे प्रोसेसरला दोन्ही चालतात, बोर्डावर स्लॉट एकाच प्रकारचे असतात, आणि बी ७६० (हे बोर्डावरच्या मुख्य चिपचं, म्हणजे चिपसेटचं नाव) म्हणून दोन बोर्ड शेजारी ठेवलेले असतात त्यातला एक डीडीआर ४ चा आणि एक ५ चा. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा, नुसतं बी ७६० ऐकून पैसे देऊ नका.

आणि सॉकेट जुळलं म्हणजे झालं असंही नाही बरं का. इंटेलने २०१७ मधे आठव्या जनरेशनचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले तेव्हा सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, पिनाही ११५१ च, आधीच्या बोर्डात प्रोसेसर अगदी मस्त बसायचा आणि चालू मात्र व्हायचा नाही, कारण काही पिनांची कामं बदलली होती आणि चिपसेट नवा लागत होता. आजही याची छोटी आवृत्ती चालूच असते. एएमडीचंच बघा, बी ६५० बोर्ड २०२२ चे, रायझन ९००० चे प्रोसेसर २०२४ चे, सॉकेट एकच, पण दुकानात पडून असलेल्या बोर्डाचं बायोस जुनं असेल तर ते या नव्या पाहुण्याला ओळखतच नाही. बायोस म्हणजे बोर्डावरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम, बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तो चालतो आणि प्रोसेसरला जागं करतो. तेव्हा दुकानात सरळ विचारायचं, "काका, यात बायोस अपडेट करून देता का?" नाहीतर असा बोर्ड घ्यायचा ज्याच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे, म्हणजे प्रोसेसर न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून अपडेट होतं.

आता पॉवर सप्लाय, जो यादीत कायम शेवटी असतो, उरलेल्या पैशात. ग्राफिक्स कार्डला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, पुढचे वायरने, आठ पिनांच्या एका कनेक्टरमागे १५० वॅट. आरटीएक्स ४०६० सारखं कार्ड ११५ वॅटचं, सोबत एएमडीचा ६५ वॅटचा प्रोसेसर (लोड आल्यावर तो ९० च्या आसपास जातो) धरला तर ५५० वॅटचा चांगला सप्लाय भरपूर झाला, ८५० घेऊन मिरवायची गरज नाही. पण मोठी कार्डं क्षणभर, म्हणजे अक्षरशः मायक्रोसेकंदांसाठी, रेटिंगच्या बरीच वर उडी मारतात आणि हलका सप्लाय तेवढ्यात बंद पडतो, मग गेम चालू असताना पीसी अचानक रीस्टार्ट. एटीएक्स ३.० या २०२२ च्या नियमावलीत अशा उड्या सहन करायची अटच घातलीय. ८० प्लस गोल्ड वगैरे लेबलं चांगली, पण ती वीज किती वाया जाते एवढंच सांगतात, माल टिकाऊ आहे का ते नाही. स्वस्तातला सप्लाय घेताना बाजूचा स्टिकर वाचा, १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघून गुणाकार करा. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट आणि खाली २० अँपिअर असेल तर कामाचे वॅट २४० च, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात.

याहून धोक्याची गोष्ट मॉड्युलर सप्लायच्या, म्हणजे दोन्हीकडून सुट्या निघणाऱ्या वायरी. कार्ड किंवा डिस्कच्या बाजूचं टोक सगळ्यांचं सारखं, सप्लायच्या बाजूचं टोक मात्र ज्याचं त्याचं वेगळं, आणि तरीही ते आरामात आत जातं. जुन्या सप्लायची वायर नव्याला लावली आणि १२ व्होल्ट चुकीच्या पिनेवर आले तर हार्ड डिस्क गेलीच समजा. जुन्या वायरी घरात असतील तर वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा.

पेठांमधल्या जुन्या घरात राहत असाल तर आणखी एक बघा, प्लगला खरंच अर्थिंग आहे का, की नुसतं तिसरं भोक आहे. सप्लायच्या आत फिल्टरचे कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो आणि हात लावला की झिणझिण्या येतात. करंट अगदी कमी असतो, पण त्यावर "पीसी खराब आहे" म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा. गुरुवारी लाईट जाणाऱ्या भागात असाल तर यूपीएसचे पैसेही आत्ताच बाजूला काढा.

कॅबिनेटचं सोपं आहे, कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलीमीटरमधे बघायची, पुढे जाळी असलेलं घ्यायचं, एप्रिल-मेमधे कळेल का ते.

सगळं जुळलं, चालू झालं, तरी अर्धा स्पीड वाया घालवता येतो. १६ जीबीची एक काडी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, दोन चॅनल मिळून डेटाचा रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा, बोर्डच्या पुस्तिकेत चित्र असतं. ६००० स्पीडची रॅम बायोसमधे एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण स्पीडने चालवणारं सेटिंग) चालू केल्याशिवाय बहुतेक वेळा ४८०० वरच चालते. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधे जाऊन एकदा बघा, बऱ्याचदा तिथे ६० च सिलेक्ट असतं, म्हणजे ६.९ मिलिसेकंदाला बदलणारं चित्र १६.७ ला बदलत राहतं आणि पोरगं म्हणतं कार्डच स्लो आहे.