सेकंदाला किती पॅकेटे? ऑपरेटिंग सिस्टिममधील फॉरवर्डिंगच्या मोजणीची पार्श्वभूमी

एका नेटवर्क कार्डावर आलेले पॅकेट, म्हणजे पत्ता लिहिलेला माहितीचा छोटा तुकडा, पत्ता पाहून दुसऱ्या कार्डावरून पुढे धाडणे, एवढेच फॉरवर्डिंगचे काम. १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर टीसीपी/आयपी ही इंटरनेटची नियमावली आली तेव्हापासून साधा युनिक्स संगणकही हे काम करू शकतो. तो ते किती वेगाने करतो, या प्रश्नाला मात्र बराच काळ ज्याचे त्याचे उत्तर होते. राउटर, म्हणजे फॉरवर्डिंग करणारी यंत्रे, विकणारे उत्पादक आपल्याला सोयीचे आकडे पुढे करत आणि गिऱ्हाइकाला दोन यंत्रांची तुलना करणे अशक्य होई.

ही अडचण समोर ठेवून हार्वर्ड विद्यापीठातील स्कॉट ब्रॅडनर यांनी जुलै १९९१ मध्ये आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला आरएफसी १२४२ हा परिभाषेचा दस्तऐवज लिहिला. चाचणीची पद्धत सांगणारा आरएफसी २५४४ त्यांनी जिम मॅक्वेड यांच्यासह मार्च १९९९ मध्ये सिद्ध केला. त्यातली ‘थ्रूपुट’ची व्याख्या कडक आहे: ज्या वेगाने पाठवलेली एकही फ्रेम (तारेवरून जाणारे, वेष्टनासह पॅकेट) गळत नाही, असा सर्वांत मोठा वेग. थ्रूपुटची प्रत्येक फेरी किमान ६० सेकंदांची हवी, इथरनेट या तारेच्या जाळ्यावर ६४ पासून १५१८ बाइटपर्यंतच्या सात आकारांच्या फ्रेम वापरायच्या, अशीही शिस्त त्यात आहे. चाचणीसाठी १९८.१८.०.० पासूनचा पत्त्यांचा स्वतंत्र पट्टाही राखून ठेवलेला आहे. ‘एकही फ्रेम गळत नाही’ ही अट सर्वसाधारण कामांच्या ऑपरेटिंग सिस्टिमला जाचक ठरते, कारण मध्येच जागे झालेले एखादे किरकोळ काम चार पॅकेटे सांडवते आणि अख्खी फेरी बाद होते. तरीही ही अट सैल केली नाही हे बरेच झाले, असे मला वाटते.

या मोजणीत मेगाबिटपेक्षा सेकंदाला किती पॅकेटे हा आकडा महत्त्वाचा का, हे साध्या हिशेबाने कळते. ६४ बाइटच्या फ्रेमआधी तारेवर ८ बाइटची प्रस्तावना जाते आणि नंतर १२ बाइटांइतकी मोकळी जागा सुटते, म्हणजे एका फ्रेमला ८४ बाइट किंवा ६७२ बिट लागतात. १० मेगाबिटच्या इथरनेटवर त्यामुळे सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८० फ्रेम मावतात आणि १० गिगाबिटवर सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार. या दुसऱ्या वेगाला एका पॅकेटच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची जेमतेम २०० आवर्तने. मार्ग शोधणे, शीर्षक बदलणे आणि रांगेत घालणे हे सारे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) तेवढ्यात उरकायचे असते. पॅकेट मोठे असो वा लहान, हे कष्ट जवळजवळ तेवढेच. म्हणून मोठी पॅकेटे वापरून दाखवलेला गिगाबिटचा आकडा कर्नलबद्दल फारसे सांगत नाही.

केवळ कमाल वेग नोंदवून थांबणे किती फसवे असते, हे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील जेफ्री मोगल आणि ए. टी. अँड टी.च्या प्रयोगशाळेतील के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये दाखवले. त्यांच्या अल्फा प्रोसेसरच्या यंत्रावर डिजिटल युनिक्स राउटर म्हणून चालत होती. साध्या फॉरवर्डिंगला ती सेकंदाला सुमारे ४,७०० पॅकेटांपर्यंत पोचली. पॅकेटे गाळणारा ‘स्क्रीनडी’ हा प्रोग्रॅम मध्ये घातला तेव्हा सेकंदाला २,००० पॅकेटांनंतरच तिची घसरण सुरू झाली. भार आणखी वाढवत नेला तेव्हा सुमारे ६,००० वर पुढे जाणारी पॅकेटे शून्यावर आली. यंत्र बंद पडले नव्हते. उलट प्रोसेसर पूर्ण राबत होता. प्रत्येक नव्या पॅकेटचा इंटरप्ट, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक, हातातले काम थांबवी, नवे पॅकेट रांगेत टाकी, आणि रांगेतली पॅकेटे पुढे न्यायला वेळच उरत नसे. दारावरची घंटा इतकी वाजावी की आलेल्या पाहुण्यांना पाणीही देता येऊ नये, तशातला हा प्रकार. त्याला ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ म्हणतात. १४,८८० ही तारेची मर्यादा होती, आणि यंत्र तिच्या निम्म्यावरही पोचण्याआधी गुदमरले होते. शिखरापाशीच मोजणी थांबवली असती तर हा दोष दिसलाच नसता.

उपायही त्याच निबंधात होता: भार वाढला की इंटरप्ट बंद ठेवावेत आणि कर्नलने स्वतःच कार्डाकडे ठरावीक संख्येने पॅकेटे मागावीत. पुढे फ्रीबीएसडी या बीएसडीच्या वारसदार सिस्टिममध्ये लुईजी रिझ्झो यांनी असे स्वतः विचारणे, म्हणजे पोलिंग, आणले. लिनक्समध्ये जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी २००१ मध्ये मांडलेली ‘नॅपी’ ही त्याच धर्तीची रचना आली. एमआयटीच्या ‘क्लिक’ राउटरने ७०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम ३ वर ६४ बाइटची ३,३३,००० पॅकेटे सेकंदाला पुढे धाडली, तीही पोलिंगच्याच बळावर.

वेग वाढला तशी पॅकेटे पाठवणाऱ्या यंत्राचीच दमछाक होऊ लागली. ओल्सन यांचा पॅकेटे निर्माण करणारा ‘पीकेटीजेन’ हा प्रोग्रॅम म्हणूनच थेट लिनक्स कर्नलमध्ये बसवला गेला. २०१२ मध्ये रिझ्झो यांच्या ‘नेटमॅप’ने ९०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या एका स्वतंत्र गणन-भागावर) १० गिगाबिटची तार पूर्ण भरून दाखवली. मात्र तो आकडा पॅकेटे कार्डापर्यंत नेण्या-आणण्याचा आहे, मार्ग शोधण्याचा नव्हे. लिनक्समधील ‘एक्सडीपी’ या पॅकेटे झटपट हाताळणाऱ्या यंत्रणेच्या २०१८ च्या निबंधातला एका कोअरमागे २ कोटी ४० लाख पॅकेटांचा आकडाही पॅकेटे टाकून देण्याचा आहे. जाहिरातीत हे भेद हटकून गळतात.

अनेक कोअरच्या यंत्रांनी आणखी एक खाच निर्माण केली. कार्ड पॅकेटच्या पत्त्यांवरून हॅश, म्हणजे एक ठरावीक आकडा, काढून ते कोणत्या रांगेत जाईल हे ठरवते. चाचणीत पाठवणारा आणि घेणारा पत्ता एकच ठेवला, तर सगळा भार एका कोअरवर पडतो, बाकीचे कोअर रिकामे बसतात आणि आकडा विनाकारण केविलवाणा दिसतो. म्हणून आता वेगवेगळ्या पत्त्यांचे शेकडो किंवा हजारो प्रवाह मिसळून पाठवतात. कर्नलमधला एखादा बदल फायद्याचा आहे का हे ठरवताना यंत्र दर वेळी नव्याने सुरू करून अनेक फेऱ्या घेतात. फ्रीबीएसडीकर ते आकडे पॉल-हेनिंग काम्प यांच्या ‘मिनिस्टॅट’ या संख्याशास्त्रीय तुलना करणाऱ्या प्रोग्रॅमला देतात. दोन्ही सरासऱ्यांत दोन-तीन टक्क्यांचे अंतर दिसत असूनही फेऱ्यांमधली चढउतार मोठी असेल, तर ९५ टक्के खात्रीने फरक सिद्ध होत नाही, अशी एक ओळ तो छापतो आणि तो बदल पुन्हा मोजायला घ्यावा लागतो.