सिंथेटिक रेसट्रॅक : घोड्यांची सुरक्षितता आणि बेटिंग

सिंथेटिक रेसट्रॅक म्हणजे वाळू, कृत्रिम धागे, रबराचे बारीक तुकडे आणि मेण हे सगळं कालवून बनवलेला घोड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक. इंग्लंडमध्ये याला ऑल-वेदर म्हणतात. आपल्याकडे महालक्ष्मीला आणि पुण्यात शर्यती गवतावर होतात त्यामुळे रेसकोर्स म्हटलं की हिरवळच डोळ्यासमोर येते, पण अमेरिकेत बहुतेक रेस डर्टवर म्हणजे वाळू-मातीच्या ट्रॅकवर होतात आणि सिंथेटिक हा तिथला तिसरा प्रकार. पॉलिट्रॅक, टॅपेटा, कुशन ट्रॅक, प्रो-राइड, फायबरसँड ही वेगवेगळ्या मिश्रणांची नावं. प्रत्येकाचा मालमसाला वेगळा, म्हणून कुणी "सिंथेटिकवर असं होतं" असं सरसकट बोलायला लागला की कुठलं सिंथेटिक, कुठल्या गावचं आणि किती जुनं हे आधी विचारावं.

बांधणी आणि टापेखाली काय होतं

वरचा थर साधारण १५ ते १८ सेंटिमीटरचा, त्याखाली पाणी झिरपू देणारं डांबर, त्याखाली खडी आणि निचऱ्याचे पाइप. डर्ट ट्रॅकला पाणी कडेला वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, इथे मात्र पाणी सरळ खाली जातं, कारण वाळूच्या कणांवर मेणाचा लेप असतो आणि कण पाणी धरून ठेवत नाहीत. धागे गवताच्या मुळांसारखे वाळूला बांधून ठेवतात.

आता घोड्याच्या बाजूने बघा. ४५०-५०० किलोचं जनावर सुसाट सुटलेलं असतं तेव्हा एका क्षणी त्याचा सगळा भार एकाच पायावर येतो, आणि तो नुसत्या वजनाएवढा नाही तर त्याच्या दुप्पट-अडीचपट. खूर जमिनीला लागतो, जरासा पुढे घसरतो, थांबतो, मग वरून पूर्ण भार येतो, फेटलॉकचा म्हणजे खुराच्या वरचा सांधा जवळजवळ जमिनीला टेकेल इतका खाली दबतो आणि मग खुराचं टोक मागे रेटून घोडा पुढे निघतो. हे सगळं सेकंदाच्या एका छोट्याशा तुकड्यात. जमीन कडक असली की पहिला दणका हाडात जातो, फार सैल असली की स्नायू आणि टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर) ओढले जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी पळत्या घोड्याच्या खुराला यंत्र लावून मोजलं तेव्हा सिंथेटिकवर हा दणका आणि त्याची थरथर डर्टपेक्षा कमी निघाली.

पण एक गोष्ट इथेच नीट समजून घेतली पाहिजे. रेसमध्ये पाय मोडला म्हणजे त्याच क्षणी खड्डा लागला असं बहुतेक वेळा नसतं. रोजच्या जोरदार सरावाने हाडात आधीच बारीक चिरा पडलेल्या असतात, त्या भरून यायला विश्रांती मिळालेली नसते, आणि एक दिवस भर रेसमध्ये ते हाड जातं. म्हणून ट्रॅक हे एक कारण आहे, एकमेव नाही. ट्रेनरने घोडा किती पळवला आणि रेसआधी डॉक्टरने काय तपासलं हेही तितकंच महत्त्वाचं.

थंडीमुळे सुरुवात

इंग्लंडमध्ये हे प्रकरण सुरक्षेसाठी नाही तर हिवाळ्यासाठी सुरू झालं. बर्फ पडला, जमीन गोठली की मीटिंग रद्द, आणि रेस नाही म्हणजे बेटिंगच्या दुकानांना धंदा नाही. १९८९ मध्ये लिंगफील्डला इक्विट्रॅक (हेही एक मिश्रण) आणि साउथवेलला फायबरसँड आलं, १९९३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला दिव्यांखाली रात्रीच्या रेस सुरू झाल्या. मार्टिन कॉलिन्स यांचं पॉलिट्रॅक आधी गॅलपवर म्हणजे घोड्यांच्या सरावाच्या पट्ट्यावर वापरात होतं, ते २००१ मध्ये लिंगफील्डच्या रेसट्रॅकवर आलं. टॅपेटा बनवलं मायकेल डिकिन्सन या ट्रेनरने, म्हणजे ज्याने आयुष्यभर घोड्यांचे पाय हातात घेऊन बघितले अशा माणसाने. आज न्यूकॅसल, वुल्व्हरहॅम्प्टन आणि साउथवेल तिन्हीकडे टॅपेटा आहे. तिथे सिंथेटिकचं बस्तान बसलं ते बसलंच.

अमेरिकेतला घाईचा प्रयोग

अमेरिकेत १९७१ मध्ये फ्लोरिडाच्या कॅल्डरला थ्रीएम कंपनीने कृत्रिम ट्रॅक करून बघितला होता, १९८८ मध्ये ओक्लाहोमाच्या रेमिंग्टन पार्कला इक्विट्रॅक आला आणि तीनच वर्षांत निघाला. खरी लाट आली ती केंटकीच्या टर्फवेने २००५ मध्ये पॉलिट्रॅक घातल्यावर. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या हॉर्स रेसिंग बोर्डाने मोठ्या ट्रॅकना २००७ संपायच्या आत सिंथेटिक घालायची सक्ती केली. हॉलिवूड पार्क आणि सँटा अनिताने कुशन ट्रॅक घेतला, डेल मारने पॉलिट्रॅक, गोल्डन गेट फील्ड्सने टॅपेटा. हेतू शंभर टक्के चांगला होता, पण इंग्लंडच्या थंड, ढगाळ हवेसाठी तयार झालेलं मिश्रण कॅलिफोर्नियाच्या उन्हात कसं वागेल याची पुरेशी परीक्षा न करता हुकूम काढला, आणि माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं.

मेण उष्णतेने बदलतं. डेल मारला सकाळी समुद्रावरून ढग आलेले असताना ट्रॅक घट्ट आणि वेगवान, दुपारी ऊन तापलं की तोच ट्रॅक जड. सराव एका ट्रॅकवर आणि रेस दुसऱ्याच ट्रॅकवर असं व्हायला लागलं. सँटा अनिताला तर जानेवारी २००८ मध्ये पाऊस आला आणि पाणी झिरपेचना, रेसचे ११ दिवस वाया गेले, म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी पैसा ओतला तीच होईना. मग त्याच वर्षी प्रो-राइड आणलं, पण मन उडालेलं होतं. डिसेंबर २०१० मध्ये सँटा अनिता परत डर्टवर, २०१४ मध्ये केंटकीचं कीनलँड, २०१५ मध्ये डेल मार. दुबईच्या मेदाननेही २०१० मध्ये घातलेलं टॅपेटा काढून डर्ट आणलं, कारण दुबई वर्ल्ड कपला अमेरिकेचे चांगले डर्टवाले घोडे यायचे कमी झाले होते.

मृत्यूचे आकडे

अमेरिकेच्या जॉकी क्लबचा इक्वाइन इंज्युरी डेटाबेस म्हणजे घोड्यांच्या दुखापतींची नोंदवही २००९ पासूनचे आकडे ठेवतो आणि दर हजार स्टार्टमागे (एक घोडा एका रेसमध्ये पळाला की एक स्टार्ट) किती घोडे मेले हे सांगतो. सुरुवातीच्या पाच वर्षांत डर्टवर हे प्रमाण दोनच्या थोडं वर होतं, सिंथेटिकवर साधारण १.२, आणि गवत या दोघांच्या मधे. सगळे ट्रॅक मिळून २००९ चा आकडा २.०० होता, तो २०२३ मध्ये १.३२ वर आला, म्हणजे डर्टही सुधारला, पण सिंथेटिक २०२३ मध्ये एकाच्याही खाली होता. इतकी वर्षं एकाच दिशेला जाणारा आकडा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

विरोधात बोलणारे ट्रेनर सांगतात की सिंथेटिकवर मागच्या पायांच्या आणि स्नायूंच्या दुखापती वाढतात. ही तक्रार दुर्लक्ष करण्यासारखी नाही, कारण डेटाबेस मुख्यतः मेलेले घोडे मोजतो, सहा महिने तबेल्यात उभे राहिलेले नाही. तुलनेतही गडबड आहे, वेगळा ट्रॅक म्हणजे वेगळे घोडे, वेगळे ट्रेनर, वेगळी हवा. हे सगळं मान्य. तरी टेंडन दुखावलेला घोडा बरा होऊ शकतो आणि कॅनन बोन म्हणजे फेटलॉकच्या वरचं लांब हाड फुटलेल्या घोड्याला बहुतेक वेळा ट्रॅकवरच मरणाचं इंजेक्शन द्यावं लागतं, या दोन गोष्टी एका पारड्यात घालणं मला पटत नाही.

सँटा अनिताला २०१८-१९ च्या मोसमात ३० घोडे गेले, त्या हिवाळ्यात पाऊस प्रचंड झाला होता, मार्चमध्ये ट्रॅक बंद ठेवावा लागला. २०२३ च्या केंटकी डर्बीच्या आसपास, ती रेस जिथे होते त्या चर्चिल डाउन्सला १२ गेले आणि रेस एलिस पार्क या दुसऱ्या रेसकोर्सला हलवल्या. दोन्ही वेळेला सिंथेटिकचा विषय परत निघाला. दुसऱ्या वेळेपर्यंत अमेरिकन काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने २०२० मध्ये केलेल्या कायद्याने हिसा ही रेसिंगवर देखरेख ठेवणारी संस्था उभी राहिली होती, २०२२ पासून सुरक्षेचे नियम बहुतेक राज्यांत तिचेच आहेत.

पंटरचं काय झालं

अमेरिकन पंटर म्हणजे रेसवर पैसे लावणारा माणूस डर्टवर एक गोष्ट शिकून मोठा झाला होता : गेट उघडल्यावर जो पुढे जातो आणि रेलला म्हणजे आतल्या कठड्याला चिकटून राहतो त्याच्यावर पैसे लाव. कीनलँडचा जुना डर्ट तर यासाठी प्रसिद्धच. पॉलिट्रॅक आल्यावर तिथे पुढे पळणारे घोडे शेवटी दमून मागे पडायला लागले आणि मागून येणारे जिंकायला लागले. वेगाचे आकडे, जुना फॉर्म, वंशावळ, सगळ्यांचे अर्थ बदलले. सिंथेटिकवर गवताच्या घोड्यांना जास्त जमतं हे २००८ च्या ब्रीडर्स कप क्लासिक या अमेरिकेतल्या मोठ्या रेसमध्ये स्पष्टच दिसलं, सँटा अनिताच्या प्रो-राइडवर युरोपातून आलेला रेव्हन्स पास पहिला, हेन्रीदनॅव्हिगेटर दुसरा आणि सगळ्यांचा फेवरिट कर्लिन चौथा. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर झेन्याटा सुरुवातीला सगळ्यांच्या मागे राहून क्लासिक जिंकली, ही रेस जिंकणारी पहिली मादी. तिला "सिंथेटिकची राणी" म्हणून हिणवणारेही होते, पण तिने डर्टवरही ग्रेड वन म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या रेस जिंकल्या होत्या आणि २० पैकी एकच रेस हरली.

पैशाच्या बाजूने मात्र सिंथेटिकचा एक मोठा फायदा आहे जो लोक विसरतात. पाऊस आला की गवतावरची रेस डर्टवर हलवतात, मग निम्मे ट्रेनर घोडे काढून घेतात, दहाची रेस पाचची होते आणि पाच घोड्यांच्या रेसवर कोण पैसे लावणार? तीच रेस सिंथेटिकवर हलवली तर बरेच घोडे थांबतात, फील्ड भरलेलं राहतं, भावही चांगले मिळतात, टोटवरची (रेसकोर्सवरच्या एकत्रित बेटिंगची) उलाढालही टिकते. गल्फस्ट्रीम पार्कने २०२१ मध्ये टॅपेटा घातलं ते गवताला विश्रांती मिळावी आणि पावसात रेस वाचाव्यात म्हणूनच.

आणि सिंथेटिकचा फॉर्म डर्टवर चालत नाही हा नियम डोळे मिटून लावणाऱ्यांना फटकेही बसलेत. २०११ ची केंटकी डर्बी जिंकणारा अॅनिमल किंगडम त्याआधीची रेस टर्फवेच्या पॉलिट्रॅकवर जिंकून आला होता. रिच स्ट्राइक २०२२ मध्ये टर्फवेला तिसरा आला होता, डर्बीत शेवटच्या क्षणी जागा मिळाली, भाव होता ८० ला १, आणि तो जिंकला. २०२३ मध्ये टर्फवेची तीच रेस जिंकलेला टू फिल्स डर्बीत दुसरा आला.

सध्या अमेरिकेत टर्फवे, गल्फस्ट्रीम आणि प्रेस्क आइल डाउन्स, कॅनडात वुडबाइन हे टॅपेटावर चालतात. २००७ पासून टॅपेटा टिकवून ठेवलेलं गोल्डन गेट फील्ड्स २०२४ मध्ये बंद पडलं, त्यामुळे जिथे सक्ती झाली त्या कॅलिफोर्नियात आता त्या काळातला एकही सिंथेटिक रेसट्रॅक चालू नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र नव्याने बांधल्या जाणाऱ्या बेलमाँट पार्कच्या आराखड्यात डर्ट आणि गवताच्या जोडीला हिवाळ्यासाठी सिंथेटिक ट्रॅकही आहे.