आतड्यांतील सूक्ष्मजीव आणि मधुमेह

मोठ्या आतड्यातील जीवाणूंचा टाइप-२ मधुमेहाच्या धोक्याशी संबंध असल्याचे दिसते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात असा अंदाज आहे आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यातच राहतात. भाज्या, कडधान्ये, कोंडा यांतले जे तंतू आपल्याला पचत नाहीत ते हे जीवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी मेदाम्ले बनतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. ते कमी पडून अस्तर सैल पडले, तर काही जीवाणूंच्या बाह्यावरणातले विषद्रव्य रक्तात झिरपते, सौम्य पण रेंगाळणारा दाह सुरू होतो आणि पेशी रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. उंदरांमध्ये हे २००७ साली दाखवले गेले.

माणसांबाबत पहिला मोठा पुरावा २०१२ मध्ये चीनमधून आला : ३४५ जणांच्या विष्ठेतील जीवाणूंच्या जनुकांची छाननी. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये सत्तरीच्या १४५ स्त्रिया तपासल्या गेल्या. दोन्हीकडे मधुमेहींत ब्युटिरेट बनवणारे जीवाणू कमी भरले. कमी-जास्त झालेल्या बाकी जीवाणूंच्या याद्या मात्र जुळेनात. २०१५ मध्ये त्याचे एक कारण सापडले, आणि ते मधुमेहींच्या रोजच्या गोळीतच होते. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाने आतड्यातली जीवाणूंची वस्ती बदलते, एश्चेरिशिया हा जीवाणू वाढतो. म्हणजे औषधाची करणी रोगाच्या नावावर चढली होती. औषध न घेणाऱ्यांना वेगळे काढल्यावरही ब्युटिरेटवाल्यांची घट टिकून राहिली. २०२० मध्ये तीच घट स्वीडनमधील मधुमेहपूर्व अवस्थेतल्या, औषध सुरू न झालेल्या लोकांतही आढळली.

तरीही ही घट कारण की परिणाम, हा प्रश्न उरतोच. ॲमस्टरडॅममध्ये सडपातळ दात्यांची विष्ठा चयापचय बिघडलेल्या स्थूल पुरुषांच्या आतड्यात सोडली, तेव्हा सहा आठवड्यांत इन्शुलिनची परिणामकारकता वाढली. नंतरच्या चाचणीत १८ आठवड्यांनी हा लाभ ओसरलेला दिसला.

एका देशातला संशयित जीवाणू दुसरीकडेही दोषी ठरेलच असे नाही. प्रिव्होटेला कोप्री या जीवाणूचा संबंध २०१६ मध्ये डेन्मार्कमधील लोकांच्या इन्शुलिन-प्रतिरोधाशी, म्हणजे पेशींनी इन्शुलिनला दाद न देण्याशी, जोडला गेला. भारतात धान्ये-कडधान्ये खाणाऱ्या निरोगी माणसांतही प्रिव्होटेला मुबलक असतो. त्यामुळे युरोपीय नमुन्यांवर बेतलेल्या विष्ठा-तपासणीवरून इथल्या माणसाच्या मधुमेहाचे भाकीत करणे धाडसाचेच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी भारतीय मधुमेहींच्या आतड्यांतील सूक्ष्मजीवांचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. त्यात जीवाणूंबरोबर आर्किया (जीवाणूंसारखेच पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले) सूक्ष्मजीवही तपासले गेले.