रंगूनचा तांदूळ ते मोफत रेशन : कोकणातल्या महागाईची पार्श्वभूमी

२० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा कोकणात लावणी ऐन भरात होती. चिखलात वाकून आवा, म्हणजे भाताची रोपं, लावणाऱ्या बाईचा त्या बातमीशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण जगात देशोदेशी जो तांदूळ विकला जातो, त्यातला सुमारे ४० टक्के भारताचा असतो. पुढच्याच महिन्यात जागतिक बाजारातला तांदूळ पंधरा वर्षांतल्या सर्वांत चढ्या भावाला पोचला आणि आयातीच्या तांदळावर जेवणारे पश्चिम आफ्रिकेतले देश धास्तावले. परदेशातून येणारा तांदूळ एकाएकी थांबला की घरात काय होतं, हे आपल्या किनाऱ्याने १९४२ साली पाहिलं आहे.

कोकणात पाऊस उदंड आणि पिकाऊ जमीन तुटपुंजी. डोंगरांच्या बेचक्यात भाताची खाचरं आणि वरच्या उतारावर वरकस, म्हणजे नाचणी, वरी, हरीक. त्यातही खोतीच्या मुलखात खळ्यावरच्या राशीतला निम्मा वाटा खोताच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, घरी जाई. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांच्या जमिनी कसायलाच नकार दिला आणि तो संप सहा वर्षं चालला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा मात्र १९४९ साली झाला. चरीचा लढा जमिनीच्या हक्काचा म्हणून सांगितला जातो, तो तसा आहेच. मला तो ताटातल्या भाताचाही वाटतो, कारण जमीन पडीक ठेवताना त्या माणसांनी स्वतःची चूलही पणाला लावली होती.

पुष्कळ घरांत स्वतःचं भात वर्षभर पुरतच नसे. पावसाळ्यात कणगीचा तळ दिसू लागला की सकाळी पेज आणि दुपारी नाचणीची भाकरी. उरलेली गरज विकतच्या तांदळाने भागायची. त्यासाठी लागणारा पैसा मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डरने येई आणि विकतचा तांदूळ बऱ्याच प्रमाणात ब्रह्मदेशातून. १८५२ मध्ये इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश घेतल्यावर इरावतीच्या खोऱ्यात दूरवर भातशेती पसरली आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत तो देश जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार झाला. स्वस्त रंगूनी तांदूळ मुंबई बंदरात उतरायचा. म्हणजे कोकणातल्या घराची बेगमी तेव्हाच दोन लांबच्या गोष्टींवर टेकलेली होती, गिरणीचा पगार आणि रंगूनची बोट.

मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि बोट बंद झाली. त्यानंतर सट्टा, साठेबाजी आणि युद्धखर्चाने फुगलेला पैसा यांनी भाव भडकले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं की धान्याच्या तुटीइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ते विकत घेण्याची ऐपत संपल्याने लोक मेले. मनीऑर्डरवर जगणाऱ्या मुलखाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत रेशनिंग सुरू झालं तेही १९४३ मध्येच. रेशनकार्ड ही आपल्या घरातली वस्तू त्या वर्षाची आहे.

स्वातंत्र्यानंतर पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदतीच्या करारातून अमेरिकन गहू आला आणि मिलो आली. त्या तांबूस ज्वारीची भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या तोंडून अजून ‘मिलोचे दिवस’ ऐकायला मिळतात. १९७२ साली सोव्हिएत रशियाने अमेरिकेतून अचानक प्रचंड धान्य उचललं आणि जगभर गव्हाचे भाव उसळले. नेमका तेव्हाच महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. चाळीत राहून गावाकडची चूलही सांभाळणाऱ्या घरांना त्या लाटण्याचा अर्थ चांगला कळत होता. १९७४ च्या रोममधल्या जागतिक अन्न परिषदेत ‘अन्नसुरक्षा’ हा शब्द जगाच्या चर्चेत रुजला. त्याचा अर्थ तेव्हा मुख्यतः पुरेसा साठा असा होता. तो साठा प्रत्येकाच्या हाती लागतो का, हा प्रश्न त्या व्याख्येत १९९६ च्या परिषदेत ठळकपणे आला.

कोकणाला पुढचा मोठा धक्का धान्याने दिलाच नाही. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि मनीऑर्डर आटली. मग १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून वरकस जमिनीवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली. हातात रोख पैसा आला, हे मोठंच काम झालं. पण नाचणी-वरी मागे पडली, याची नोंद आपण नीट ठेवली नाही. नाचणी वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकते. भाव चढले की घराला तोलून धरणारं धान्य तेच होतं. आता खाचरंही ओस पडताहेत, कारण लावणीची मजुरी, खत आणि डुकरा-वानरांचा उपद्रव जमेस धरला तर दुकानातला कोलम स्वस्त पडतो.

अशा घरांवर २००८ ची महागाई आली. खनिज तेल महाग, मका इंधनाकडे वळलेला, आणि भारत, व्हिएतनाम यांच्या निर्यातबंदीमुळे तांदळाचा भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेला. हैतीत पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर तेच चक्र पुन्हा फिरलं आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेल अडवलं. खाद्यतेलाचा मोठा हिस्सा आपण बाहेरून आणतो, त्यामुळे त्या निर्णयांची झळ थेट फोडणीला लागते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र घरांना माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा आधार खरा आहे आणि तो टिकलाच पाहिजे. पण आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, यादी काढून पाहा : तूरडाळ, तेल, मसाल्याची मिरची, कांदा, सुके बोंबील, जवळा. रेशनच्या पावतीवर यातलं सहसा काहीच नसतं, आणि मेअखेरीस हे सगळं रोखीनेच भरावं लागतं.