ठाण्याची पहिली गाडी ‘फेअरी क्वीन’ने ओढली नव्हती

दरवर्षी १६ एप्रिल आला की ‘फेअरी क्वीन’ या हिरव्या रंगाच्या वाफेच्या इंजिनाचा फोटो फिरू लागतो. सोबत ओळ असते: बोरीबंदर ते ठाणे, पहिली आगगाडी हिनेच ओढली. हे खरं नाही.

१८५३ साली त्या दिवशी १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन निघालेल्या गाडीला तीन इंजिनं होती: साहिब, सिंध आणि सुलतान. फेअरी क्वीन तेव्हा जन्मलीही नव्हती. ती १८५५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स इथे तयार झाली आणि बोटीने थेट कलकत्त्याला उतरली. ईस्ट इंडियन रेल्वेचं हे २२ नंबरचं इंजिन हावडा-राणीगंज मार्गावर हलक्या टपालगाड्या ओढायचं. मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली तीच मुळी १८७० मध्ये. मग ही ठाण्याला पोचणार कशी?

हरियाणातलं रेवाडी हे जुनं रेल्वेचं गाव. १८९३ च्या तिथल्या शेडमध्ये आता वाफेच्या इंजिनांचं संग्रहालय आहे आणि फेअरी क्वीनही तिथे ठेवली गेली. तिचं मधलं चाक नीट बघा. जवळजवळ माणसाच्या उंचीचं, आणि बाजूच्या दांड्याचा जोर फक्त त्याच एका जोडीवर. अशा इंजिनाला वेग साधतो, पण रुळावर पकड कमी, म्हणून वाट्याला हलक्या गाड्या.

साहिब, सिंध, सुलतान आज उरली नाहीत. निदान त्यांचं श्रेय तरी त्यांच्याच नावावर राहू द्या. फेअरी क्वीनचा स्वतःचा मान कमी नाही: १९०९ मध्ये निवृत्त झालेली ही राणी १९९७ मध्ये पुन्हा वाफेवर धावली.