वाकड्या घरातला सरळ ओळंबा

कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ या गावाजवळ (मुंबईच्या सांताक्रूझचे हे केवळ नावबंधू) रेडवूड वृक्षांच्या जंगलात ‘मिस्टरी स्पॉट’ नावाचे एक पर्यटनस्थळ आहे. सुमारे 150 फूट व्यासाच्या या जागेत गुरुत्वाकर्षणाचे नियम चालत नाहीत, असे तिथे 1940 च्या दशकापासून सांगितले जाते. टेकडीच्या उतारावर कललेल्या एका लाकडी खोपटात फळीवर सोडलेला चेंडू चढाच्या दिशेने घरंगळतो, माणसे पुढे झुकून उभी राहतात तरी पडत नाहीत आणि छताला टांगलेला ओळंबासुद्धा तिरपा लोंबकळताना दिसतो. याला जमिनीखाली पुरलेले परग्रहावरचे यान कारणीभूत असावे, इथपर्यंत तर्क लढवले गेले आहेत. खरे कारण मात्र खोपटाच्या भिंतींतच आहे आणि माझ्या मते ते यानापेक्षा अधिक चमत्कारिक आहे.

हे खोपट साधारण 20 अंशांनी कललेले आहे असे धरू. जमीन डावीकडे 20 अंशांनी उतरते आणि तिच्यावर बसवलेली फळी त्याच दिशेने 5 अंशांनी उतरते. चेंडू अर्थातच डावीकडे, म्हणजे खऱ्या उताराकडे जातो. परंतु खोलीची जमीन सपाट आहे असे गृहीत धरणाऱ्या डोळ्यांना तीच फळी 15 अंशांनी चढणारी वाटते. माणसांचेही तेच होते. ती गुरुत्वाकर्षणाला धरून सरळच उभी असतात, पण भिंतींच्या तुलनेत झुकलेली दिसतात.

मग आपल्याला तोल सांभाळण्याची जाण असूनही ही फसगत का होते? अंतर्कर्णात एका लिबलिबीत थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. डोके कलले की हे खडे सरकतात, त्यांच्याखालच्या केशपेशी वाकतात आणि ‘खाली’ कोणत्या बाजूला आहे याची खबर मेंदूला मिळते. तळपाय आणि सांधे यांच्याकडूनही तशीच माहिती येते. मेंदू या सगळ्यांचा डोळ्यांनी दिलेल्या माहितीशी मेळ घालतो आणि भिंती उभ्या, जमीन आडवी हा आयुष्यभराचा अनुभव असल्यामुळे डोळ्यांच्या साक्षीला बरेच वजन देतो. सॉलोमन अ‍ॅश आणि हर्मन विटकिन या मानसशास्त्रज्ञांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अंधारात एक प्रकाशमान चौकट तिरपी ठेवली आणि तिच्यातली दांडी अगदी उभी करायला लोकांना सांगितले. अनेकांनी ती चौकटीच्या दिशेने कलती ठेवली. काही जण मात्र फारसे फसले नाहीत. सहलीतल्या एखाद्याला गरगरते आणि दुसरा निवांत हसत असतो, त्यामागे कदाचित हाच फरक असेल.

या भ्रमाला क्षितिज लपलेले असावे लागते, म्हणून दाट झाडी आणि बंद खोपट फार सोयीचे पडते. दाराबाहेर दूरवर समुद्र दिसत असता, तर डोळ्यांना सपाटीचा भरवशाचा पुरावा मिळाला असता.

लेहपासून सुमारे 30 किलोमीटरवरचा मॅग्नेटिक हिल हा याच कुळातला. महाराष्ट्रातून लडाखला जाणारी बहुतेक कुटुंबे तिथे थांबतात, गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात आणि ती चढावर जाऊ लागल्याचा आनंद घेतात. तिथे लोहचुंबक नाही. भोवतालचे डोंगरउतार आणि झाकलेले क्षितिज यांमुळे हलका उतारच चढ भासतो. 2003 मध्ये इटलीतील संशोधकांनी अशा रस्त्यांच्या टेबलावर मावतील एवढ्या प्रतिकृती करून हा भास प्रयोगशाळेतही घडवून दाखवला.

शंका असल्यास गवंड्याची पाणसळ सोबत न्यावी. बऱ्याच मोबाइलमध्येही ती असते. रस्त्यावर ठेवल्यास ती उतार कुठे आहे ते बरोबर दाखवील. गंमत अशी, की पाणसळ पाहून झाल्यावर मान वर केली तरी रस्ता पुन्हा चढाचाच दिसतो.