वायफायच्या रेघा पूर्ण, मग नेट अडतं कुठे?

माझ्या टेबलावर हा प्रकार बरेच दिवस चालला होता. लॅपटॉपला केबल लावली की स्पीड टेस्टमध्ये २८० एमबीपीएस, केबल काढली की त्याच जागी ३१. वायफायच्या रेघा मात्र सगळ्या भरलेल्या. राउटर बंद करून चालू केला, जागा बदलली, फरक काही पडला नाही. दोष शेवटी सापडला तो लॅपटॉपला जोडलेल्या हार्ड डिस्कपाशी. तिच्याकडे येतोच, पण आधी त्या रेघांबद्दल बोलायला हवं, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते.

राउटरचा आवाज किती मोठा ऐकू येतोय, एवढंच रेघा सांगतात. आजूबाजूला गोंगाट किती आहे आणि बोलायची पाळी कितीदा मिळते, हे त्यांवरून कळत नाही. केबलला या दोन्हींची काळजी नसते. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, केबलमध्ये तारांच्या ४ जोड्या असतात, डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहतो आणि ती वाट फक्त तुमच्या यंत्राची असते. वायफायची वाट हवेतली, म्हणजे सगळ्यांची. तिथे एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका ठरलेल्या वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेतं, वाट मोकळी असली तरी चिठ्ठी काढल्यासारखे काही मायक्रोसेकंद थांबतं, मग डेटा पाठवतं आणि पोच येते का ते पाहतं. पोच आली नाही की पुन्हा पहिल्यापासून. शेजारचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर त्याचीही पाळी यातच धरायची. म्हणून राउटरच्या खोक्यावर छापलेल्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास वेग हाती आला, तर तो बिघाड समजू नये.

मला यातला इतिहास फार आवडतो. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं (दुरून संगणक वापरायची यंत्रं) मुख्य संगणकाशी रेडिओने जोडली. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचं, असा त्याचा साधा नियम होता. त्यावरूनच १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांना इथरनेट, म्हणजे केबलने संगणक जोडायची पद्धत, सुचलं. तेव्हा केबलसुद्धा सगळ्यांत मिळून एकच असायची. पुढे प्रत्येकाचा डेटा वेगळा वळवणारी स्विच नावाची यंत्रं आली, प्रत्येकाला स्वतंत्र तार मिळाली आणि केबल या वाटणीतून सुटली. हवेला तशी सुटका नाही.

यातून एक गंमतशीर परिणाम होतो. लांबच्या खोलीतल्या जुन्या फोनला राउटर नीट ऐकू येत नाही, म्हणून दोघं सावकाश, सोप्या संकेतांत बोलतात. त्याच व्हिडिओला ते कितीतरी जास्त वेळ चॅनेल अडवून ठेवतात आणि राउटरशेजारी बसलेल्या तुमचं नेट रडत चालतं.

शोध घ्यायचा तर एकाच यंत्रावर, लागोपाठ तीन आकडे घ्या: राउटरला केबल लावून, राउटरपासून दोन-तीन मीटरवर वायफायने आणि मग नेहमीच्या जागेवरून. पहिलाच आकडा कमी आला तर वायफायला दोष देऊ नका. केबलवर वेग ९४ च्या आसपास येऊन ठप्प होत असेल तर बहुधा कुठलं तरी पोर्ट १०० एमबीपीएसचं असतं किंवा केबलमधली एखादी जोडी तुटलेली असते. दुसरा आकडा चांगला आणि तिसरा वाईट असेल तर मधल्या भिंती, आरसा, धातूचं कपाट पाहा. राउटर जमिनीवरून उचलून उंच, मोकळ्या जागी ठेवल्यानेही बराच फरक पडतो.

दुसराच आकडा पडला असेल तर मात्र गोंगाट शोधायचा. घरचं वायफाय सहसा दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; बहुतेक वेळा यंत्र २.४ गिगाहर्ट्झवर अडकलेलं असतं. तिथले चॅनेल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आणि प्रत्येकाला लागते साधारण २० मेगाहर्ट्झ जागा, त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. चॅनेल ३ निवडला तर १ आणि ६ दोन्हींचा त्रास. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे, फक्त भिंतीपलीकडे तो लवकर दमतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या, म्हणजे आपण कशावर आहोत ते तरी कळतं.

आता ती हार्ड डिस्क. ती यूएसबी ३ या वेगवान जोडणीने लावलेली होती. यूएसबी ३ मधून डेटा धावताना जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. माझी डिस्क लॅपटॉपच्या अँटेनापासून वीतभर अंतरावर होती. ती काढून पुन्हा मोजलं: ३१ चे ६८. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला: २३५. डिस्क आता लांब वायरने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असते.